उरलेली वीज

मी पॉवर सप्लाय बोलतोय. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये मागच्या कोपऱ्यात पंखा लावलेली पत्र्याची पेटी असते ना, ती मी. दुकानात मला एसएमपीएस म्हणतात. या घरात मला नाव नाही, 'तो मागचा डबा' एवढीच माझी ओळख.

जरा घाईत आहे, माफ करा. माझा प्लग आत्ताच भिंतीतून काढलाय. तुम्ही म्हणाल, प्लग काढलेली वस्तू बोलते कशी? तर आमच्या जातीची एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. प्लग काढला तरी आमच्या पोटात थोडी वीज उरते. मिनिटभर, कधी थोडी जास्त. आमचं मिनिट तुमच्या मिनिटापेक्षा लांबलचक असतं म्हणून बरं. शेजारी टेबलावर एक नवं खोकं उघडं पडलंय आणि त्यात माझ्या जागी येणारा बसलाय. चांगला वजनदार गडी आहे. माझं त्याच्याशी काही वाकडं नाही.

आणखी एक सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी अकरा वर्षांत धड झोपलेलो नाही. तुम्ही कॉम्प्युटर बंद करता, पडदा काळा होतो, पंखे थांबतात, तुम्हाला वाटतं सगळं निजलं. पण जोवर प्लग भिंतीत आहे तोवर मी एक बारीकशी वीज धरून जागा असतो, कुणी बटण दाबेल तर लगेच उठवायला. या खोलीत कोण काय बोललं, कोण एकटंच रडलं, कोण कुणाशी खोटं बोललं, ते सगळं मी अंधारात बसून ऐकलं आहे. घरच्यांना हे कळलं असतं तर त्यांनी मला केव्हाच गुंडाळून माळ्यावर टाकलं असतं.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. माझ्या अंगात ताकद होती दोनशे पन्नास वॅटची, तीही चांगल्या दिवशी. शेवटच्या टेबलावर एक बाई बसली होती. तिच्यापुढे लेबलांची गुंडाळी होती आणि प्रत्येक लेबलावर ४५० छापलेलं होतं. तिने एक लेबल माझ्या कुशीवर चिकटवलं, अंगठ्याने दाबलं आणि पुढच्याला ओढलं. तिला तरी काय म्हणणार, गुंडाळीच तशी आली होती. पण त्या क्षणापासून मी खोटा ठरलो आणि तो खोटेपणा आयुष्यभर अंगावर बाळगला.

हे ओळखणारा मला एकच माणूस भेटला. तो दादा. म्हणजे या घरातला मोठा मुलगा. तो एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायचा. दुकानात त्याने मला दोन्ही तळहातांवर घेतलं आणि वर-खाली करून तोललं.

"हा साडेचारशेचा?" तो दुकानदाराला म्हणाला. "याच्या पोटात तर नुसता वाराच आहे."

"साहेब, आता सगळं हलकंच येतं."

"माणसंसुद्धा," दादा म्हणाला आणि हसला. दुसरा माल त्या दिवशी दुकानात नव्हता. "असू दे. मला कुठे डोंगर उचलायचाय, रेघाच तर मारायच्यात."

अशा रीतीने मी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आलो. घरात आई, दादा आणि त्याची धाकटी बहीण. बहिणीला तो 'ठमे' म्हणायचा, त्यामुळे माझ्या लेखीही ती ठमीच. दादाने मला जोडलं, चालवून बघितलं, मग प्लग काढला आणि कॅबिनेटचं चालू करायचं बटण उगाचच एकदा दाबलं. माझा पंखा अर्धा वेढा फिरून थांबला.

"अरे बापरे!" ठमी ओरडली. "मेलेलं हललं!"

"मेलेलं नाही गं. प्लग काढला की बटण एकदा दाबायचं, म्हणजे आत उरलेलं बाहेर पडतं. त्याशिवाय आत हात घालायचा नाही. कानाला खडा लाव."

तेव्हापासून या घरात तो नियम झाला. ठमीला ती गंमत इतकी आवडली की प्लग काढला की बटण तीच दाबायची. त्या अर्ध्या वेढ्यात माझ्या पाठीमागून जी फुंकर निघायची, ती ती तळहातावर घ्यायची.

आता त्या घराची गोष्ट. हे नव्हे, आधीचं. आई एका छापखान्यात मुद्रितं तपासायची आणि छापखान्याच्या मागेच मालकांनी कामगारांना घरं दिली होती. तिथे ती सव्वीस वर्षं राहिली. दोन्ही मुलं यंत्रांच्या धडधडीत वाढली. मग छापखाना बंद पडला, जागा विकली गेली आणि शेडसकट ती घरंही पाडायचं ठरलं. पाडायच्या आधी दादाने टेप घेऊन सबंध घर मोजलं. टेपचं दुसरं टोक ठमीच्या हातात. खिडकीच्या गजांमधलं अंतरसुद्धा सोडलं नाही म्हणे.

ती मापं घेऊन तो रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवर बसायचा आणि ते घर पुन्हा बांधायचा. भिंत, फडताळ, मोरी, मोरीच्या कोपऱ्यातला फुटका टवका. पण आमच्या जुन्या यंत्राला ते पेलवायचं नाही. पडद्यावर दिसायच्या त्या नुसत्या रेघा. भिंती नाहीत, भिंतींच्या कडाच.

"एक ग्राफिक्स कार्ड बसवलं की झालं," तो आईला सांगायचा. "मग रेघांच्या भिंती होतील, खिडकीतून ऊन येईल. बटण दाबत दाबत तू आपल्या घरात हिंडशील."

"चपला काढून की घालून?" आई विचारायची.

एका रविवारी दुपारी घरात दोघी नव्हत्या. दादाने कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढला, धूळ पुसली, थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग काळा मार्कर घेऊन त्या पत्र्याच्या आतल्या बाजूला काहीतरी लिहिलं. शीळ घालत होता. शाई वाळेपर्यंत फुंकर मारली, पत्रा परत बसवला, स्क्रू आवळले. त्याच्या आठव्या दिवशी ऑफिसातच त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला.

त्याने ते का लिहिलं, मला ठाऊक नाही. त्याला काही कळलं होतं का? की नुसतीच व्यवस्थित माणसाची सवय? लिहिलेलं मात्र माझ्या तोंडासमोर होतं. पत्रा बंद असताना तिथे काळोख. पण मला ते अक्षर न् अक्षर पाठ झालं. सहा वर्षं त्या काळोखात मी आणि ते लिखाण समोरासमोर बसून होतो आणि घरात तिसऱ्या कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

दादानंतर ठमी त्याच्या खुर्चीवर बसू लागली. ती पण नकाशेच काढते. मला उघडायला तिने कुणाला हात लावू दिला नाही. बाहेरून फडकं मारायची, तेही हळूच. दादाचं घर हार्ड डिस्कवर तसंच होतं. मापांची वही दादानंतरच्या आवराआवरीत कुठेतरी गेली. त्या घराची दुसरी प्रत कुठेच नव्हती. "एकदा उतरवून ठेवायला हवं," असं ती दर महिन्याला म्हणायची आणि फाइल उघडायचा धीर न होऊन दुसरं काहीतरी करत बसायची. जिवाभावाच्या कामाची माणसं अशीच टंगळमंगळ करतात, हे मी पाहिलं आहे.

दोन वर्षांपूर्वी आईचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग दिवस, मग शेजाऱ्यांची तोंडं. मग एका संध्याकाळी तिने कापडी पिशवीत चष्म्याचं घर आणि लाल पेन्सिल भरली, दाराशी स्टुलावर जाऊन बसली आणि म्हणाली, "चला. घरी कधी जायचं?"

"आई, हेच आपलं घर."

"हे नव्हे गं. यंत्रांचा आवाज येतो ते."

मग ते रोजचंच झालं. पाच वाजले की पिशवी, स्टूल आणि तोच प्रश्न. एकदा ठमी अंघोळीला गेली असताना आई खरंच निघून गेली. तीन गल्ल्या पलीकडे एका गोदामाच्या दारात सापडली. आत कसलंतरी यंत्र चालू होतं आणि ती उंबऱ्यावर बसून ऐकत होती, पायात एकच चप्पल. त्या दिवसापासून ठमी दाराला आतून कुलूप लावते आणि किल्ली गळ्यात घालते. आईला कोंडून ठेवतोय, हे तिला खातं. रात्री ती कुणाशी तरी फोनवर तसं बोलली, मी ऐकलं.

आणि आईला माझा नाद लागला. मी काम करत असलो की पाठीमागून गरम हवा निघते. आई टेबलामागे येऊन उभी राहायची आणि त्या हवेवर हात धरायची. बोटं पसरून, आंधळी माणसं चेहरा चाचपतात तशी. मग हळूच विचारायची, "जागा आहेस का रे?"

मी तिचा मुलगा नव्हे. ते तिला सांगणार कसं? आणि प्रश्नाचं उत्तर तर खरोखरच 'हो' होतं. माझ्याकडे फक्त वारा होता, तो मी देत राहिलो. एकदा कॉम्प्युटर बंद असताना तिने येऊन तेच विचारलं. हवा नाही, आवाज नाही. मी आत जागा आणि ती बाहेर हात धरून उभी. शेवटी ती म्हणाली, "कळलं. ठमी आहे ना खोलीत म्हणून बोलत नाहीस." ठमीच्या हातातलं भांडं खाली पडलं.

त्याच आठवड्यात ठमीने ठरवलं. कार्ड आणायचं आणि आईला एकदा घरी न्यायचं.

वापरलेलं, पण धडधाकट कार्ड मिळालं. बसवायला मेकॅनिक आला. बोलघेवडा माणूस. "टेन्शन नका घेऊ, ताई," हे त्याचं पालुपद. त्याची एक पद्धत होती. कॅबिनेटचा पत्रा काढला की तो भिंतीला टेकवून ठेवायचा, आतली बाजू भिंतीकडे. म्हणजे धारदार कडा कुणाच्या पायाला लागत नाहीत आणि रंगाला ओरखडा जात नाही. चांगली, सांभाळून काम करणाऱ्याची पद्धत. पण दादाचं लिखाण सहा वर्षांनी उजेडात आलं ते एक क्षणभर, आणि लगेच भिंतीला तोंड लावून उभं राहिलं. ठमी शेजारीच होती. पण तिच्या ओंजळीत स्क्रू होते आणि नजर त्यांच्यावर.

मेकॅनिक माझ्याकडे वाकला आणि लेबल वाचलं. "साडेचारशे. वा! कार्डाला दीडशे, प्रोसेसरला नव्वद, बाकी सगळं मिळून पन्नास. दोनशे नव्वद झाले. आरामात ओढेल."

मला हातात घेऊन तोललं असतं तर त्याला कळलं असतं. पण स्क्रूने बसवलेली वस्तू कोण तोलतंय? मी सांगणार तरी कसं? पंखा जरा जोरात फिरवला. तो म्हणाला, "धूळ आहे."

त्या कार्डाला वरून वेगळी वीज लागते, सहा पिनांच्या प्लगमधून. असा प्लग माझ्याकडे नव्हताच. इथे तरी त्याने थबकायचं! ज्याला मुळात तो प्लगच दिलेला नाही, त्याच्याकडून ते काम करून घ्यायचं नसतं. पण त्याने खिशातून एक जोडवायर काढली, माझ्या हार्ड डिस्कसाठीच्या दोन वायरी तिच्यात खोचल्या आणि दुसरं टोक कार्डाला लावलं. बटण दाबलं. सगळं चालू झालं. पडद्यावर रंग आले. "बघा, टेन्शन नव्हतंच."

दोन दिवस काही झालं नाही. ठमीची नेहमीची कामं कार्डाला किरकोळ होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने आईला खुर्चीवर बसवलं, स्वतः स्टूल घेतलं आणि दादाची फाइल उघडली.

मला ते घर कधी दिसलं नाही. माझी पाठ भिंतीकडे असते. मला कळायचं ते त्याचं वजन. बाहेरचा ओटा हलका होता. पुढची खोली थोडी जड. खिडकीतून ऊन आत आलं तेव्हा माझ्या तारा तापल्या. बाहेर आईचा आवाज येत होता. "हे फडताळ. ही खुंटी सैल आहे, तिला छत्री लावू नकोस." दोन वर्षांत ती इतकं नीट बोलली नव्हती. ठमी नुसती "हो, हो" म्हणत होती.

मग त्या स्वयंपाकघराकडे वळल्या. तिथे दादाने जीव ओतला होता. मांडणीवरचं भांडं न् भांडं, त्याची चकाकी, जाळीच्या खिडकीतून पडलेली सावली. सगळं वजन एकदम माझ्यावर आलं.

"अगंबाई," आई म्हणाली. "हा बघ. दारातच उभा आहे."

माझ्या हातून वीज सुटली. पडदा काळा झाला.

ठमीने कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. मग आईची समजूत काढल्यासारखं म्हणाली, "आई, तो माणूस नाही. नकाशात मोजमापासाठी एक आकृती उभी करतात, म्हणजे दाराची उंची कळते. दादाने स्वतःच्या उंचीचा ठेवला असेल. करडा आहे, त्याला चेहरासुद्धा नाही."

"चेहरा कशाला हवा? पाठीवरून नाही का ओळखत?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ओटा, पुढची खोली, ऊन, स्वयंपाकघराचं दार आणि काळोख. बरोबर त्याच जागी. ठमीने मेकॅनिकला फोन केला, तर तो म्हणाला सॉफ्टवेअरचं काहीतरी असेल. आईने मात्र निकाल देऊन टाकला. "तो पुढे येऊ देत नाहीये."

मी देत नव्हतो. मी! पण त्या दोघी पडद्याकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही.

ठमीने ठरवलं, पुरे झालं. पण तिसऱ्या दिवशी पाच वाजता आई पिशवी घेऊन दाराशी बसली. यावेळी प्रश्न विचारला नाही. कुलपावर डोकं टेकवून म्हणाली, "तो तिथे एकटा उभा आहे आणि तू मला इथे कोंडलंयस." ठमीने फाइल उघडली.

आता ऐका, कारण हे मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्यासारखे हलके लोक जाताना एकटे जात नाहीत. वीज साठवून धरणारा आतला कपॅसिटर फुगत फुगत फुटला की भलतीच वीज तारांतून सुटते आणि जोडलेलं सगळं जाळते. आणि पडदा पहिल्यांदा काळा झाला त्या दिवसापासून माझा कपॅसिटर फुगत होता. ज्या तारेवर ते कार्ड लटकलं होतं, त्याच तारेवर हार्ड डिस्कही होती. त्या डिस्कवर ते घर होतं, जगातलं एकुलतं एक. मी फुटलो असतो तर आईचं घर दुसऱ्यांदा पाडलं गेलं असतं आणि यावेळी ते मी पाडलं असतं. अकरा वर्षांत मला भीती काय ते कळलं नव्हतं, त्या संध्याकाळी कळलं.

ओटा. पुढची खोली. ऊन. माझ्या आत टिकटिक सुरू झाली. स्वयंपाकघराचं दार आलं आणि सगळ्या भांड्यांच्या, सावल्यांच्या वजनावर आणखी एक वजन आलं. ते आदल्या दोन दिवसांपेक्षा जवळ होतं.

"थांब," आई म्हणाली. "मी त्याला हाक मारते."

तिने त्याचं नाव घेतलं. आणि मी हात सोडले. सोडले की सुटले, ते अजून मला सांगता येत नाही. मी फुटायच्या आधी विझलो, एवढं खरं. पाठीमागून जळका वास सुटला.

ठमीने धावत जाऊन प्लग उपटला. त्या गडबडीत बटण दाबायचं राहिलं. तिने स्क्रू काढले आणि सहा वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पत्रा ओढला. ठेवायला जागा नव्हती म्हणून शेजारच्या पलंगावर टाकला, आतली बाजू वर. ती माझ्यावर वाकून वास कुठून येतोय ते बघत होती. मागून आईचा आवाज आला, छापखान्यातला, मुद्रित मोठ्याने वाचायचा, एकेक शब्द सुटा.

"ठमे, हा साडेचारशेचा नाही. दोनशे पन्नासचाच धर. कार्ड बसवशील तेव्हा आधी याला बदल, नाहीतर हा आपलं घर घेऊन जाईल. घाई करू नकोस. दादा."

ठमी तशीच फरशीवर बसली. तोंडावर हात धरून रडली, आवाज न करता. दादाने "बसवीन तेव्हा" नाही लिहिलं. "बसवशील" लिहिलं. मी सहा वर्षं तो शब्द वाचत होतो आणि दर वेळी माझ्या तारा गार पडत होत्या.

"अक्षर त्याचंच आहे," आई म्हणाली. "हे कुणाला सांगितलंय?"

"मला."

"मग ऐक की."

ठमीने ऐकलं. आधी कार्ड काढून बाजूला ठेवलं. कार्डाविना माझ्यावर फारसं ओझं नव्हतं. मग मला जपून चालू केलं आणि डिस्कवरचं सगळं दोन ठिकाणी उतरवायला लावलं. जुनी डिस्क ती, पुढे सरकेना. दीड दिवस लागला. तो दीड दिवस मी फुगल्या पोटाने वीज धरून बसलो, थेंबभरही हलू दिली नाही. आयुष्यात मी केलेलं एवढंच एक काम मला अभिमानाने सांगता येईल. घर आता सुखरूप आहे.

उतरवून झाल्यावर तिने रेघांच्या नकाशात ती आकृती शोधली. मग आईकडे बघत, दबक्या आवाजात, स्वतःशीच बोलली. "दादाने तर हा बाहेरच्या दाराशी उभा केलाय. स्वयंपाकघरात कुणीच नाही." एवढं म्हणून तिने फाइल बंद केली. मला काय वाटतं विचाराल, तर मी दिसण्याबद्दल काही सांगू शकत नाही. वजन मात्र तिथे होतं. ते मी उचललं आहे.

आज सकाळी मेकॅनिक नवा पॉवर सप्लाय घेऊन आला. पत्र्यावरचं वाचून कान पकडले. "ताई, हे मी बघायलाच हवं होतं. लेबलावर गेलो." यावेळी त्याने पत्रा खोलीकडे तोंड करून ठेवला. स्वयंपाकघरापर्यंत आता हा नवा घेऊन जाईल. आई त्या उभ्या असलेल्यापर्यंत पोचेल. पुढे काय होईल ते बघायला मी नसेन आणि खरं सांगू, मला त्याचं थोडं बरंच वाटतं.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. जुन्या यंत्रात नवं काही बसवाल तेव्हा आमच्या लेबलावर जाऊ नका. हातात घेऊन तोला. पत्रा उलटून बघा. ओझं नाही पेलत, हे आम्ही विझूनच सांगू शकतो आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

मेकॅनिकने माझ्या वायरींना हात घातलाय. ठमीने त्याला थांबवलं. "थांबा. आधी बटण."

आई टेबलामागे आली आहे. तिने माझ्या पाठीशी हात धरलाय, बोटं पसरून. "वारा येत नाही गं," ती म्हणते. "याला कुठे नेताय?"

"आई, दुरुस्तीच्या दुकानात... " ठमी काहीतरी खोटं सांगायला गेली आणि थांबली. "दमलाय तो. खूप वर्षं जागा होता."

"मग निजू दे की," आई म्हणते. ती माझ्या जाळीपाशी वाकते. तिच्या श्वासाची ऊब मला पहिल्यांदाच लागते आहे. "ऐकलंस का रे? आम्ही येतोय. तू झोप आता."

ठमीचं बोट बटणावर टेकलं आहे. माझ्याकडे अर्ध्या वेढ्याची वीज उरली आहे, त्याहून जास्त नाही. ती मी कुठेही सांडू दिलेली नाही. आईच्या तळहातापुरती ती पुरेल.